सागाचा डोंगर करपल्यासारखा दिसतोय: फवारायचं की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाला लागून वन विभागाचं सागाचं जंगल आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आठ-दहा दिवसांत अख्खी टेकडी तपकिरी झाली. पानं जवळून पाहिली तर चाळणीसारखी. शेताच्या बांधावर तीन वर्षांची सागाची 200 झाडं आहेत, त्यांच्यावरही अळ्या दिसतायत. जंगल मरणार का, वन विभाग काही करत का नाही, आणि बांधावरच्या झाडांवर कोणतं औषध मारू?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: जंगल मरणार नाही. पुढच्या उन्हाळ्यानंतर तीच टेकडी नेहमीसारखी हिरवी होईल. बाकी दोन प्रश्नांची उत्तरं मात्र "कोणतं औषध" इथून सुरू होत नाहीत. कीड नेमकी कोणती, ती झाडाचा कोणता भाग खाते आणि तिच्या आयुष्याचा कोणता टप्पा चालू आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय औषधाचं नाव घेण्यात अर्थ नाही. जंगलातल्या किडीच्या बाबतीत बहुतेक चुका याच तीन गोष्टी न पाहता झालेल्या असतात.

सागावर पानं खाणाऱ्या मुख्य अळ्या दोन. लोक दोघींना एकच समजतात. पहिली पान फस्त करणारी, हायब्लिया प्युएरा. हिला कोवळी पालवी लागते, म्हणून ती पावसाच्या तोंडावर आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत येते. ती पानाचा सगळा मऊ भाग खाते आणि मधली शीर व मोठ्या शिरा तेवढ्या ठेवते. झाडाखाली उभं राहिलं तर वर नुसत्या काड्या दिसतात. दुसरी पानाची जाळी करणारी, युटेक्टोना मॅकेरॅलिस. ही जून, निबर पानांवर येते, साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. ती शिरांच्या मधला हिरवा गर तेवढा खरवडते. बारीकसारीक शिरांचं जाळं शाबूत राहतं, पान झाडावरच लटकतं आणि सुकून तपकिरी होतं. म्हणून पहिलीच्या हल्ल्यानंतर जंगल उघडं-बोडकं दिसतं, दुसरीच्या हल्ल्यानंतर आग लागून गेल्यासारखं दिसतं.

तुमचं वर्णन दुसरीचं आहे. तरी खात्री करून घ्या. एक पान तोडून आभाळाकडे धरा. उजेड बारीक जाळीतून येत असेल तर जाळी करणारी. पानाला कडेकडून मोठे तुकडे गेले असतील आणि कड दुमडून आत अळी बसली असेल तर पान फस्त करणारी. पूर्ण वाढलेली हायब्लियाची अळी साधारण चार सेंटिमीटरपर्यंत जाते आणि उद्रेकाच्या वेळी बरीचशी काळपट असते, अंगावर लांबट फिके पट्टे. जाळी करणारी अळी हिरवट आणि तिच्या जवळपास निम्मी, पानावर विणलेल्या विरळ धाग्यांच्या आडोशाला सापडते.

हा फरक इतका का महत्त्वाचा, तर नुकसानाचा हिशेब पूर्ण बदलतो. केरळमधल्या निलांबूरच्या कोवळ्या सागवनांत केरळ वन संशोधन संस्थेने पाच वर्षं काही झाडं अळीपासून वाचवली आणि काही तशीच सोडली. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पान फस्त करणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे 44 टक्के वाढ गेली. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र दखल घेण्याजोगी घट दिसली नाही. कारण सरळ आहे. पहिली अळी येते तेव्हा झाड वाढीच्या भरात असतं. साठवलेलं अन्न खर्चून काढलेली पालवी जाते आणि झाडाला पुन्हा खर्च करून दुसरी काढावी लागते. दुसरी येते तेव्हा वर्षाची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते आणि तीन-चार महिन्यांत ती पानं तशीही गळणार असतात.

यातही परिस्थितीनुसार फरक पडतो. निलांबूरचा पाऊस वेगळा, विदर्भाचा वेगळा. पाऊस उशिरा सुरू झाला आणि जाळी करणारी अळी ऑगस्टच्या सुरुवातीलाच आली, तर वाढीचे चांगले सहा-आठ आठवडे बुडतात आणि नुकसान नक्की होतं. सप्टेंबरच्या मध्यावर आली तर फारसं नाही. आणि 44 टक्के हा आकडा मेलेल्या झाडांचा नाही, न झालेल्या वाढीचा आहे. बातम्यांमध्ये तो नेहमी मेलेल्या झाडांचा म्हणून फिरतो.

आता उद्रेक होतो कसा, कारण "एका रात्रीत आली" असं सगळेच म्हणतात. हिशेब हायब्लियाच्या मादीवरून मांडतो, तत्त्व दोन्हींना लागू आहे. एक मादी साधारण 500 अंडी घालते असं धरा. संख्या जिथल्या तिथे राहायची असेल तर त्या 500 पैकी फक्त दोघांनी, एक नर आणि एक मादी, पुढच्या पिढीपर्यंत पोचायला हवं. म्हणजे एरवी शांत दिसणाऱ्या जंगलात 1,000 पैकी 996 जीव मरत असतात: किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधिलमाशा, मुंग्या, कोळी, पक्षी, रोग, पाऊस. हे मरण्याचं प्रमाण 99.6 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर आलं, एवढंच झालं, तर दोनाऐवजी दहा जगतात, म्हणजे प्रत्येक पिढीत पाचपट. एक पिढी तीन-चार आठवड्यांची. चार पिढ्यांत 625 पट. कुठेही काही भयंकर घडलेलं नसतं. पहिल्या सरींनंतर सगळ्या सागांना एकाच वेळी पालवी फुटली, मध्ये उघडीप मिळाली आणि शत्रूकीटकांची पिढी जरा मागे पडली, एवढं पुरतं. एकाच वयाच्या, एकाच जातीच्या रोपवनात हे जास्त होतं, कारण पतंगाला पुढचं योग्य झाड शोधायलाच लागत नाही. हायब्लियाचे पतंग तर थव्याने दूरवर जातात. त्यामुळे "गेल्या वर्षी इथे नव्हती" हेही बरोबर असू शकतं.

एका रात्रीत आल्यासारखं वाटण्याचं दुसरं कारण अळीच्या भुकेत आहे. अळी पाच अवस्थांतून वाढते आणि जन्मभरात जेवढं खाते त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त शेवटच्या दोन अवस्थांत खाते. पहिला आठवडा ती झाडावर असते, पण खालून काही कळत नाही. मग तीन-चार दिवसांत पानांचा फडशा पडतो, जमिनीवर विष्ठेचे काळे दाणे पावसाच्या बुरबुरीसारखे टपटपतात आणि गाव जागं होतं. तोवर अळी कोषात जायच्या बेताला आलेली असते.

औषधाचा सगळा प्रश्न इथेच अडतो. तक्रार, पाहणी, मंजुरी, पंप, माणसं हे जमायला आठवडा जातो. फवारणी होते तेव्हा अळ्या आपोआप खाली उतरून पालापाचोळ्यात किंवा दुमडलेल्या पानांत कोष करत असतात. दोन दिवसांनी झाडावर एकही अळी नसते आणि सगळे म्हणतात औषध लागू पडलं. ते लागू पडलं की नाही हे कळण्याचा एकच मार्ग आहे: एक ओळ न फवारता सोडणे. तिच्यावरच्या अळ्याही त्याच दिवशी गायब झाल्या, तर औषधाचं श्रेय शून्य. पण ही ओळ सोडायला कुणीच तयार नसतं.

वन विभाग काही करत नाही असं वाटतं त्यामागेही बरंचसं हेच आहे. वीस मीटर उंचीच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पाठीवरचा पंप पोचत नाही. विमानाने मारायचं तर ते औषध ओढ्यात, बेडकांवर, मधमाश्यांवर आणि त्याच अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांवर पडतं. त्याहून वाईट म्हणजे ज्या गांधिलमाशा आणि परजीवी माश्या ते 99.6 टक्क्यांचं काम करतात, त्या अळीपेक्षा आधी मरतात. पुढच्या पिढीला मैदान मोकळं. सप्टेंबरमधल्या जाळी करणाऱ्या अळीसाठी उंच जंगलात फवारणी न करणं हा आळस नाही, बहुतेक वेळा तोच बरोबर निर्णय असतो. आणि वनजमिनीवर स्वतःहून काही फवारायला जाऊ नका, परवानगीशिवाय ते करता येत नाही.

उद्रेक संपतोही आपला आपण. तुमच्याच टेकडीवर जाऊन पाहा: काही अळ्या पानाच्या कडेला मागच्या पायांनी धरून उलट्या लटकलेल्या, काळसर, लुळ्या दिसतील. बोट लावलं तर कातडी फुटून पातळ घाण द्रव येतो. हा विषाणूजन्य रोग, अळ्यांची दाटी झाली की तो झपाट्याने पसरतो. हायब्लियाच्या अशाच विषाणूवर केरळच्या संस्थेने बरंच काम करून त्याचं फवारणीजोगं रूप तयार केलं. पण तेही उद्रेक सुरू होतो त्या पहिल्या दोन-चार एकरांच्या ठिपक्यांवर आणि अळ्या बारीक असतानाच मारलं तर उपयोगी. म्हणजे पुन्हा प्रश्न नजर ठेवण्याचाच.

तुमच्या बांधावरच्या झाडांचं गणित वेगळं आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो. झाडं तीन वर्षांची, उंची पंपाच्या टप्प्यात आणि संख्या 200. इथे फवारणी शक्य आहे. करायची का, हे मोजून ठरवा. बांधावर पाच ठिकाणं निवडा, प्रत्येक ठिकाणी चार झाडं, प्रत्येक झाडाची वरची, मधली आणि खालची अशी एकेक फांदी. अळ्या मोजा आणि लहान किती, मोठ्या किती हे वेगळं लिहा. पानाचा किती भाग गेला ते पाव, अर्धा, पाऊण अशा ढोबळ मापात लिहिलं तरी चालेल. शिवाय दोन-तीन झाडांखाली पांढरं कापड तासभर अंथरून ठेवा. विष्ठेचे दाणे भरपूर आणि बारीक असतील तर अळ्या अजून लहान आहेत. दाणे मोठे असतील आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजल्यावर निम्म्यावर आले असतील, तर अळ्या कोषाकडे निघाल्या आहेत, पंप परत ठेवा.

बहुतेक अळ्या एक सेंटिमीटरच्या आत असतील आणि निम्म्याहून जास्त पानं हिरवी असतील, तरच फवारणीला अर्थ आहे. तेव्हा पहिली पसंती निंबोळी अर्काला. 5 किलो निंबोळीची पूड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळायची. 200 ग्रॅम साबण 1 लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. त्याच दिवशी संपवायचं. हा अर्क अळीला लगेच मारत नाही, तिचं खाणं कमी करतो आणि कात टाकण्यात बिघाड करतो. म्हणून दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या की "गेलं वाया" म्हणून लोक वर रासायनिक औषध मारतात. चार दिवस थांबा.

दुसरा पर्याय बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची, म्हणजे बीटीची भुकटी, पॅकेटवर दिलेल्या मात्रेत. ती अळीच्या पोटात गेली तरच काम करते, अंगावर पडून उपयोग नाही. म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. उन्हात ती लवकर निकामी होते, तेव्हा फवारणी संध्याकाळी. फवारल्यावर रात्रीच जोराचा पाऊस झाला तर परत करावी लागेल. आणि मोठ्या अळ्यांवर तिचा परिणाम फारच कमी. बीटी चालली नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती दुपारी तरी मारलेली असते किंवा मोठ्या अळ्यांवर तरी. दोन्हीपैकी काहीही मारा, दहा झाडं न फवारता ठेवा.

खरा धोका तुमच्या झाडांना या अळीचा नाही, पुढच्या पावसाळ्यातल्या पान फस्त करणाऱ्या अळीचा आहे. ती शेंड्याचा कोंब खाते. शेंडा गेला की खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या सारख्या जोराने निघतात आणि सरळ खोडाऐवजी दुबेळकं झाड मिळतं. लाकडाच्या दृष्टीने हे नुकसान कायमचं. म्हणून पहिली पाच वर्षं पहिल्या सरीनंतर पालवी फुटली की दर तीन-चार दिवसांनी कोवळ्या पानांची पाहणी करा. एक-एकटी घातलेली बारीक अंडी शिरेलगत असतात. ती शोधत बसू नका, पानावर टाचणीने ओरखडल्यासारखे डाग दिसले की समजा पहिल्या अवस्थेतल्या अळ्या आल्या. ती वेळ फवारणीची, आणि हाताशी दिवस साधारण चार-पाच.

आसपास निर्गुडी किंवा टेटू असेल तर हायब्लिया त्यांच्यावरही जगते. पण म्हणून ती झाडं तोडू नका, त्यांच्यावरच्या थोड्या अळ्यांवर परजीवी माश्यांची पिढीही टिकून राहते. (हीच अळी मुंबई-ठाण्याच्या खाडीतली तिवरं पावसाळ्यात बोडकी करते. दर वेळी "तिवरं मेली" अशी ओरड होते आणि काही आठवड्यांत तिवरांना पुन्हा पालवी येते.)

आतापर्यंत जे "थांबा, काही होत नाही" म्हटलं, ते पानं खाणाऱ्या किडीपुरतं. खोड पोखरणारी कीड आली तर हाच सल्ला घातक ठरेल. उदाहरण साल वृक्षाचं. आपल्याकडे साल जवळपास नाहीच, पण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सालवनांत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात साल बोररचा जो उद्रेक झाला तो अनेकांना आठवत असेल. (मराठीत झाड आणि त्याचं कवच दोन्ही "साल"च, म्हणून इथे कवचाला सालपट म्हणतो.) हा लांब मिशांचा भुंगा पहिल्या पावसात लाकडातून बाहेर येतो, सालपटाच्या भेगांत अंडी घालतो आणि अळी आत शिरून पुढे गाभ्यापर्यंत बोगदे करते. वर्षाला एकच पिढी. धडधाकट झाडावर थोड्या अळ्या आल्या तर झाड राळ सोडून त्यांना बुडवतं. दुष्काळाने किंवा दाटीने झाड कमजोर असेल, किंवा अळ्यांची संख्याच फार असेल, तर राळ पुरत नाही आणि झाड मरतं. पान गेलं तर दुसरं फुटतं, खोडातली अन्नवाहिनी तुटली तर दुसरी मिळत नाही.

इथे हात बांधून बसायचं नसतं, पण कामाची वेळ ठरलेली असते. पावसाळ्यात सापळा-झाडं: ताजं तोडलेलं सालाचं ओंडकं, सालपट ठेचून रेशे केलेलं, सावलीत ठेवायचं. त्या रसाच्या वासावर भुंगे लांबून येतात, रस पिऊन सुस्तावतात आणि हाताने वेचता येतात. वेचणी रोज, आणि दोन-तीन दिवसांनी सालपट पुन्हा ठेचायचं, नाहीतर वास मरतो. न वेचता सोडलेलं सापळा-ओंडकं म्हणजे भुंग्यांना घातलेलं आमंत्रण. पावसाळ्यानंतर बुंध्याशी भुशाचा ढीग पाहून झाडांची प्रतवारी करायची. ज्यांचा शेंडा वाळलाय आणि बुंध्याशी भुसा साचलाय, तीच तोडायची. नुसती राळ गळणारी झाडं लढतायत, त्यांना हात लावायचा नाही. आणि तोडलेलं लाकूड पुढच्या पावसाच्या आत जंगलाबाहेर गेलंच पाहिजे. जूनमध्ये ते तिथेच पडून असेल तर सगळी मेहनत वाया, कारण भुंगा लाकडाच्या आतच तयार होऊन पावसाची वाट पाहत असतो. नुसतं सालपट सोलूनही भागत नाही, तोवर अळी खोल गेलेली असते.

वेळेवर विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) केल्याचा फायदाही याच किडींच्या बाबतीत मोठा. प्रत्येक झाडाला पाणी आणि उजेड पुरेसा मिळाला की राळेचा जोर राहतो. पानं खाणाऱ्या अळीला मात्र विरळणीने फारसा फरक पडत नाही, तिथे मिश्र झाडोरा आणि खालचं झुडूप राखणं जास्त कामाचं. बांधावर सागाच्या मधून करंज, शिवण, बांबू असं काही लावता आलं तर लावा, आणि खालचा पालापाचोळा जाळू नका.

आत्ता लगेच करायचं एवढंच: वर सांगितल्याप्रमाणे दोन दिवस मोजणी, मग फवारणीचा निर्णय. आणि टेकडीवर फिरताना एक गोष्ट नक्की पाहा. तपकिरी झाडांच्या मधोमध एखादं सागाचं झाड हिरवंगार उभं असेल. तसं दिसलं तर जागा नोंदवून वनरक्षकाला दाखवा. कीड न लागणारी अशी झाडं पुढे बियांसाठी आणि कलमांसाठी हवी असतात, आणि ती ओळखायची संधी फक्त उद्रेकाच्या या पंधरा दिवसांतच मिळते. बांधावरच्या झाडांपैकी ज्यांना आधीच दोन शेंडे फुटलेत, त्यांचा सरळ आणि जोमदार शेंडा ठेवून दुसरा पानगळीनंतर, पालवी फुटायच्या आत, खोडालगत धारदार करवतीने कापून टाका.